ठोका कोण देते?

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्जन राउंडला येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुतेक वेळा जखमेबद्दल नसतो. ‘वारा सरला का?’ असे ते विचारतात. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय असो की बीडचे जिल्हा रुग्णालय, हा प्रश्न ऐकून पेशंट लाजतो आणि शेजारच्या कॉटवरचे नातेवाईक तोंड फिरवून हसतात. सर्जन मात्र गंभीर असतात. स्टेथोस्कोप बेंबीजवळ टेकवून ते मिनिटभर ऐकतात. आत गुडगुड सुरू झाली असेल तर पेज द्यायची, नसेल तर सलाइन चालू ठेवायचे. शस्त्रक्रियेत हाताळलेले आतडे काही काळ रुसून बसते आणि मग आपल्याच वेळेला पुन्हा हलू लागते. त्याला कोणी बटण दाबून सुरू करत नाही.

जठराच्या भिंतीत मिनिटाला साधारण तीन लहरी उठतात, लहान आतड्याच्या सुरुवातीला बारा, आणि शेवटाकडे जाताना त्या आठ-नऊवर येतात. या लहरींचा ताल धरणाऱ्या खास पेशी आतड्याच्या भिंतीतच असतात. मेंदूकडून येणाऱ्या नसा हा ताल कमी-जास्त करतात, पण तो निर्माण करत नाहीत. हृदयाचेही तेच. पूर्वीच्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी बेडकाचे हृदय दाखवत. शरीराबाहेर काढून योग्य क्षारांच्या पाण्यात ठेवलेले ते इवलेसे हृदय बराच वेळ ठोके देत राही. आता प्राण्यांवरचे हे प्रयोग अभ्यासक्रमातून गेले, त्यांची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली, आणि ते योग्यच झाले. पण ज्यांनी ते हृदय बशीत धडधडताना पाहिले आहे, ते डॉक्टर साठीला आले तरी विसरलेले नाहीत.

मग एखाद्या निर्जीव पदार्थाला असा ठोका देता येईल का? बॅटरी नाही, वायर नाही, मोटार नाही, बाहेरून कोणी ढोसत नाही, आणि तरी पदार्थ आपल्या लयीत फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. असे पदार्थ आहेत. ते बनूनही आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. अधूनमधून त्यांच्या बातम्या ‘आता प्लास्टिकचे हृदय’ अशा थाटात येतात आणि बाह्यरुग्ण विभागात बसलेला हृदयविकाराचा पेशंट कात्रण पुढे करून विचारतो, ‘साहेब, हे आपल्याकडे कधी येणार?’ त्याला सरळ उत्तर मिळायला हवे. ते देण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

१९५१ च्या सुमारास मॉस्कोत बोरिस बेलोसोव नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ पेशीतल्या ऊर्जाचक्राची साधी नक्कल परीक्षानळीत करू पाहत होते. सायट्रिक आम्ल, ब्रोमेट नावाचा क्षार आणि सीरियम हा धातू अशी ती मिसळ होती. अपेक्षा अशी की रंग एकदा बदलेल आणि प्रक्रिया संपेल. पण द्रावण पिवळे झाले, मग रंगहीन झाले, मग पुन्हा पिवळे. घड्याळ लावावे तसे. बेलोसोव यांनी निबंध लिहून पाठवला आणि तो परत आला. रासायनिक प्रक्रिया उतारावरच्या पाण्यासारखी एकाच दिशेने जाते, ती मागेपुढे झुलणे अशक्य आहे, अशी त्या वेळची पक्की समजूत होती. काही वर्षांनी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हाही नकारच आला. अखेर १९५९ मध्ये किरणोत्सर्ग-वैद्यकाच्या एका फारशा न वाचल्या जाणाऱ्या संग्रहात त्याचे छोटेसे टिपण छापले गेले. त्यानंतर त्यांनी हा विषयच सोडून दिला.

पुढे १९६० च्या दशकात अनातोल झाबोतिन्स्की या तरुण संशोधकाने ती कृती हाती घेतली, सायट्रिकऐवजी मॅलोनिक आम्ल वापरले आणि चिकाटीने ती सिद्ध करून दाखवली. आज ती दोघांच्या नावाने ओळखली जाते. १९८० मध्ये या कामाला सोव्हिएत संघाचा लेनिन पुरस्कार मिळाला, तेव्हा बेलोसोव यांना जाऊन दहा वर्षे झाली होती. उतारावरच्या पाण्याचा नियम खोटा ठरला नव्हता, हेही सांगायला हवे. द्रावणात इंधन आहे तोवरच ते झुलते. इंधन संपले की थांबते. हे वाक्य लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

वैद्यकाला या रंगबदलू द्रावणाचा पहिला उपयोग झाला तो कृत्रिम हृदयासाठी नाही, खऱ्या हृदयाच्या आजारासाठी. हे द्रावण उथळ बशीत ओतले की त्यात रंगाच्या लाटा फिरतात, आणि लाट कुठे अडखळून तुटली तर तिचे टोक स्वतःभोवती गुंडाळत चकली होते. आर्थर विनफ्री या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये या चकल्यांचे वर्णन केले. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे खालचे कप्पे अचानक थरथरू लागतात आणि माणूस काही मिनिटांत जातो, त्या थरथरीमागे विजेच्या अशाच तुटलेल्या, स्वतःभोवती फिरणाऱ्या लाटा असतात, हे समजून घ्यायला बशीतल्या या रसायनाने मोठी मदत केली. छातीवर पॅडल ठेवून शॉक देतात तो या सगळ्या चकल्या एकदम पुसून टाकण्यासाठी. पाटी कोरी झाली की हृदयाचा मूळ ताल पुन्हा सुरू होण्याची संधी मिळते.

आता जेलकडे. जेल म्हणजे लांब लांब साखळ्यांच्या रेणूंचे, म्हणजे पॉलिमरचे, एक जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले पाणी. फालुद्यातला सब्जा, बाळाच्या डायपरमधले फुगलेले दाणे, डोळ्यात घालायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ही सगळी त्याच कुळातली. जाळ्याला पाणी किती प्रिय आहे यावर ते किती फुगणार हे ठरते. साखळीवर विद्युतभार असेल तर समभार एकमेकांना लोटतात, जाळे ताणले जाते आणि पाणी आत शिरते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये तोयोइची तनाका यांनी १९७८ मध्ये दाखवले की काही जेल तापमान किंवा द्रावण जरा बदलले की हळूहळू न आकसता एका उंबरठ्यावर एकदम कोसळतात. नंतर या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला एक पॉलिमर तर ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास हा उंबरठा ओलांडतो. थंडीत फुगलेला, अंगाच्या उबेला आकसलेला. ‘स्मार्ट पॉलिमर’ म्हणतात ते हेच. नाव मोठे आहे, हुशारी एवढीच की परिस्थिती बदलली की ते एक ठरलेली गोष्ट करतात. बाहेरून कोणी परिस्थिती बदलली नाही तर तेही बसून राहतात.

जपानच्या र्‍यो योशिदा यांनी १९९६ मध्ये या दोन गोष्टींचे लग्न लावले. त्यांनी त्या ३२ अंशवाल्या पॉलिमरच्या साखळीलाच रुथेनियम या धातूचा एक संयुग-गट टाचला. बेलोसोव-झाबोतिन्स्की प्रक्रियेत हा गट उत्प्रेरकाचे काम करतो, आणि ती झुलू लागली की याच्यावरचा भार दोनाचा तीन, तिनाचा दोन होत राहतो. भार वाढला की जाळ्याला पाणी हवेसे होते आणि ते फुगते. भार उतरला की आकसते. जेलचा तुकडा ब्रोमेट, मॅलोनिक आम्ल आणि तीव्र आम्लाच्या द्रावणात सोडायचा, तापमान स्थिर ठेवायचे आणि बघत बसायचे. बाहेर काहीच बदलत नाही, तरी तुकडा काही मिनिटांना एक अशा संथ ठेक्यात फुगतो-आकसतो. तुकडा लांबट असेल तर लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, गांडुळासारखी किंवा आतड्यासारखी. २००७ मध्ये त्यांच्या गटाने वाकलेला जेलचा तुकडा खाचांच्या पृष्ठभागावर ठेवून तो आपोआप पुढे ‘चालत’ गेल्याचे दाखवले.

इतरांनी वेगळ्या वाटा शोधल्या. पिट्सबर्गच्या अ‍ॅना बालाझ यांनी असे जेल कसे वागतील याची गणिते मांडली. हार्वर्डच्या जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २०१२ मध्ये एक पृष्ठभाग बनवला. त्यातले सूक्ष्म खांब जेल फुगले की उभे राहतात, वरच्या रसायनात टोक बुडते, उष्णता निर्माण होते, उष्णतेने जेल आकसते, खांब वाकतात, उष्णता थांबते, आणि पुन्हा पहिल्यापासून. फॅन-रेग्युलेटरशिवाय तापमान एका पट्ट्यात राखणारा पृष्ठभाग म्हणायचा. घाम येणे आणि थांबणे याच्याशी त्याचे नाते डॉक्टरच्या लगेच ध्यानात येते. नेदरलँड्समधील आइंडहोवनमध्ये २०१७ साली पॉलिमरची एक पातळ फीत बनली. तिच्यावर प्रकाश सतत पडत राहिला की ती स्वतःच लाटा मारत राहते, कारण लाटेचा उंचवटा मागच्या भागावर सावली पाडतो.

वाचताना मजा वाटते आणि वाटावीही. पण कात्रण घेऊन आलेल्या पेशंटसाठी डॉक्टरने तीन गोष्टी विचाराव्यात: हे खाते काय, ओढते किती, आणि टिकते किती.

खाते ब्रोमेट. पोटॅशियम ब्रोमेट कधीकाळी पावात घालत. २०१६ मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते बंद केले. जास्त प्रमाणात पोटात गेले तर ते मूत्रपिंड निकामी करते आणि कायमचा बहिरेपणा आणते. जोडीला तीव्र आम्ल. रक्तात असे काही सोडण्याचा प्रश्नच येत नाही. योशिदा यांना हे पहिल्यापासून माहीत आहे. आम्ल आणि ऑक्सिडीकारक यांचा पुरवठा साखळीतूनच व्हावा, बाहेरून फक्त साधे सेंद्रिय आम्ल लागावे, अशा रचना त्यांच्या गटाने करून पाहिल्या आहेत. दिशा बरोबर आहे, पण शरीरातल्या साखरेवर चालणारा असा स्नायू अजून हाती नाही. ओढीचे म्हणाल तर जेल मऊ, पाण्याने भरलेला असतो. हृदय विश्रांतीच्या वेळीही मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त दाबाने ढकलते. आणि टिकण्याचे म्हणाल तर हृदय दिवसाला एक लाखाच्या आसपास ठोके देते. काही मिनिटांना एक ठोका देणाऱ्या जेलला एका दिवसाचा कोटा पुरा करायलाच महिने लागतील, आणि बशीतले इंधन त्याच्या खूप आधी संपलेले असेल.

जिवंत पेशींची वाट धरणाऱ्यांचा आकडा जास्त बोलका आहे. हार्वर्डमध्ये २०२२ साली मानवी मूलपेशींपासून तयार केलेल्या हृदयपेशी जेलॅटिनवर वाढवून एक चिमुकला कृत्रिम मासा बनवला गेला. दोन्ही बाजूंचे थर एकमेकांना ताणून ठोका देत होते. तो १०८ दिवस पोहला. तेव्हा अडखळणाऱ्या हृदयाच्या पेशंटने प्लास्टिकच्या हृदयाची वाट पाहू नये. त्याला ज्याची गरज आहे तो पेसमेकर अस्तित्वात आहे आणि त्याची बॅटरी साधारण दहा वर्षे चालते. बीडच्या माणसाला तो बसवायला छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा लातूरचा रस्ता धरावा लागतो, ही अडचण रसायनशास्त्राची नाही.

मग या संशोधनाचा उपयोग काय? पंप म्हणून त्याची फार चर्चा होते. त्यापेक्षा औषधाच्या बाबतीत त्याचे मोल अधिक आहे, कारण शरीराला बऱ्याच गोष्टी सतत नको असतात, ठेक्यात हव्या असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या एका लहानशा भागातून एक संप्रेरक साधारण तासातासाला थेंबाथेंबाने सुटते. त्यामुळे पुढची ग्रंथी जागी होते, तिच्यामुळे बीजकोश, आणि त्यातून पाळीचे महिन्याचे चक्र फिरते. अर्न्स्ट नोबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात माकडिणींवर प्रयोग करून दाखवले की हेच संप्रेरक तासाला एकदा दिले तर चक्र चालते आणि सलग धार धरली तर बंद पडते. औषध तेच, मात्रेचा ठेका बदलला की परिणाम उलटा. स्त्रीरोगतज्ज्ञ गर्भाशयाच्या गाठींसाठी आणि एंडोमेट्रिओसिससाठी याच उलट परिणामाचा वापर करतात. महिन्याचे इंजेक्शन देऊन चक्र तात्पुरते थांबवतात, गाठी आकसतात.

मिनेसोटा विद्यापीठातील रोनाल्ड सीगल यांनी नेमके हेच संप्रेरक ठेक्यात सोडणारा जेलचा पडदा बनवायचे ठरवले. त्यांची युक्ती सुंदर आहे. पडदा फुगलेला असताना बाहेरचे ग्लुकोज आत जाते. आत एक एन्झाइम त्याचे आम्ल करते. आम्ल वाढले की पडदा आकसतो आणि ग्लुकोजची वाट बंद होते. आतले आम्ल हळूहळू संपते, पडदा पुन्हा फुगतो, दार उघडते. प्रत्येक वेळी दार उघडले की औषधाचा एक हप्ता बाहेर. इथे इंधन विषारी ब्रोमेट नाही, शरीरात असतेच ते ग्लुकोज आहे. आतले आम्ल खाऊन टाकायला त्यांनी चक्क संगमरवर वापरला. हे सगळे अजून काचपात्रातले काम आहे, पण दिशा म्हणून प्लास्टिकच्या हृदयापेक्षा जास्त आशा इथे आहे.

पुण्याचेही या शास्त्रात नाव आहे आणि ते मराठी वाचकाला माहीत असावे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर, डॉ. आशिष लेले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे स्मार्ट जेलवर काम केले. २०१२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील गटाबरोबर त्यांनी स्वतः सांधणारा जेल जगापुढे ठेवला. कापलेले दोन तुकडे आम्लाच्या सान्निध्यात काही सेकंदांत एकमेकांना चिकटतात. जठरात आम्ल असतेच, म्हणून जठराच्या आतल्या अस्तराला चिकटणारा पदार्थ म्हणून त्याचा विचार झाला. त्याच प्रयोगशाळेत १९८० च्या दशकात ‘जलशक्ती’ नावाचा पाणी धरून ठेवणारा पॉलिमरही विकसित झाला होता. पुढे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने ‘पुसा हायड्रोजेल’ आणला. स्वतःच्या वजनाच्या किमान साडेतीनशे पट पाणी शोषणारा, हेक्टरी अडीच ते पाच किलो टाकायचा. पाऊस पडला की फुगायचे, मुळांना कोरड पडली की पाणी सोडायचे, हीसुद्धा एक संथ लय आहे. तिचा ठेका मोसमी पाऊस ठरवतो. पर्जन्यछायेत असलेल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासारच्या शेतकऱ्याला हे ऐकून बरे वाटते. मात्र जेल पाणी धरतो, पाडत नाही. महिनाभर पावसाने ओढ दिली की मातीतला फुगलेला दाणाही मातीसारखाच कोरडा होतो.

याच कुळातला आणखी एक दाणा बीडच्या घराघरांत पोहोचला आहे, सॅनिटरी पॅडमधून. शुद्ध पाणी तो शेकडो पट शोषतो. रक्त खारट असते, त्यातले क्षार साखळीवरचा भार झाकून टाकतात, म्हणून तिथे तो काही दशक पटींवरच थांबतो. तेवढे पुरते. राज्य सरकारने २०१८ मध्ये अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतील ११ ते १९ वर्षांच्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत देण्याचे जाहीर केले. चांगली गोष्ट होती. पण पॅड बदलायला आडोसा लागतो, हात धुवायला पाणी लागते, आणि वापरलेले टाकायला जागा लागते. उसाच्या फडावर, कोपीत राहणाऱ्या बाईकडे या तिन्ही गोष्टी नसतात.

इथे बीड जिल्ह्याचा विषय टाळता येत नाही. आपोआप लयीत हलणाऱ्या पदार्थांच्या यादीत एक अवयव अजून यायचा राहिला आहे. गर्भाशय म्हणजे बाळंतपणापुरती कामाची, एरवी गप्प पडलेली पिशवी, असे समजले जाते. सोनोग्राफीत बराच वेळ निरखले तर दिसते की त्याच्या आतल्या थरात एरवीही हलक्या लाटा उठत असतात. बीज सुटायच्या सुमारास त्या मुखाकडून वरच्या दिशेने जातात, पाळीच्या दिवसांत त्यांचे रूप वेगळे असते. बाळंतपणात हाच स्नायू तासन् तास कळा देतो. हृदयासारखे ठोका देणारे एक ठरलेले केंद्र गर्भाशयात सापडलेले नाही. लाट कुठूनही उठू शकते आणि साऱ्या स्नायूला कवेत घेते, जवळपास योशिदा यांच्या जेलसारखी. मानवी हातांना काही मिनिटांचा ठेका देणारा तुकडा बनवायला अर्धे शतक लागले.

बीडमध्ये हा अवयव किती सहज काढला गेला त्याची नोंद सरकारी कागदावर आहे. २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले गेले की जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढली गेली. त्यानंतर नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जे सर्वेक्षण आले त्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील भारतीय महिलांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते. दोन सर्वेक्षणांची पद्धत एक नाही, वयोगट तंतोतंत जुळत नाहीत, हे मान्य करूनही फरक डोळ्यांत भरतो. यातल्या अनेक जणी शस्त्रक्रियेच्या वेळी चाळिशीच्या आतल्या होत्या.

सगळा दोष डॉक्टरांवर टाकून मोकळे होता येत नाही, आणि सगळे डॉक्टर निर्दोष आहेत असेही म्हणता येत नाही. काही शस्त्रक्रिया गरजेच्या असतात. न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी, कर्करोग, पूर्ण खाली आलेले अंग. पण अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, कंबर भरून येते, एवढ्यावर ‘पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल’ हे वाक्य ऐकवले गेले, तर पंचविशीत दोन मुलांची आई झालेली बाई काय करणार? नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली. पाळीच्या दिवसांत ती कामावर आली नाही तर खाडा पडतो, पैसे कापले जातात. महिन्यातले तीन-चार दिवस कायमचे मोकळे होणार असतील तर ती स्वतःच म्हणते, काढून टाका एकदाची. तिचा हिशेब चुकीचा नाही. तिच्यापुढे ठेवलेला कागद चुकीचा आहे.

कारण त्या कागदावर पुढच्या खर्चाचा रकाना नसतो. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर पाळी जाण्याचे वय एका रात्रीत येते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, अंगातून वाफा निघतात, झोप जाते. बीजकोश ठेवले तरी ते वेळेआधी मंदावण्याची शक्यता राहते. उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणाऱ्या पस्तिशीच्या बाईचे हाड ठिसूळ होणे म्हणजे काय, हे ऑर्थोपेडिक वॉर्डात कळते. मोजायचे झाले तर खाडा वाचवण्यासाठी तिने पुढची पंधरा-वीस वर्षे गहाण टाकलेली असतात.

२०१९ च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. परवानगीचा कागद हवाच. पण जिल्ह्यातली बाई फड सुरू असताना सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकात असते, तिथे बीडच्या शल्यचिकित्सकाचा शिक्का पोहोचत नाही. आणि नुसती परवानगी नाकारून तिचे दुखणे जात नाही. तिला दुसरा पर्याय हातात द्यावा लागतो. रक्तस्राव जास्त असेल तर गोळ्या आहेत, गर्भाशयात बसवायचे संप्रेरक सोडणारे साधन आहे. त्यातही औषध सोडते ते एक पॉलिमरच, वर्षानुवर्षे, रोज थोडे थोडे.

आणि ज्या तक्रारीसाठी सर्वांत जास्त पिशव्या गेल्या असण्याची शक्यता आहे, त्या पांढरे जाण्यासाठी लागणारे औषध तर अगदीच साधे आहे. सरकारी दवाखान्यात ते रंगीत पाकिटांत मोफत मिळते. ओटीपोटाच्या जंतुसंसर्गासाठी पिवळे किट, ते दोन आठवडे घ्यावे लागते. नुसत्या पांढऱ्या पाण्यासाठी हिरवे किट. तपासणी करून, गर्भाशयाच्या मुखाकडे एकदा नीट पाहून, गरज असेल तर नवऱ्यालाही औषध देऊन, दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघण्यापूर्वी, प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होऊ शकते. हिरव्या किटमधल्या गोळ्या एकाच दिवशी घ्यायच्या असतात. त्यासाठी एकही खाडा पडत नाही.